पत्ते पाहून मिळतील

"तीन नकोत मला. एकच पत्ता हवाय."

"एका पत्त्यावर काही कळत नाही हो काका. एक झालेल्याचा, एक चाललेल्याचा, एक येणाऱ्याचा. तीन तरी काढावेच लागतात."

"पण माणूस एकच आहे!"

"माणूस एकच असतो. पत्ते तीन."

म्हातारा विचारात पडला. काउंटरवर कोपर टेकून त्याने हे सगळं मनाशी नीट लावून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे ती घरं बदलत असते की काय? बरं, तसं असेल तर मला मधला द्या. सध्याचा. झालेला घेऊन काय करू?"

मागे इस्त्री फिरवणाऱ्या लाँड्रीवाल्याला आधी उचकी लागली आणि मग हसू फुटलं. इतकं, की चादरीवर इस्त्री तशीच राहिली आणि करपल्याचा वास सुटल्यावर त्याने ती उचलली.

"आजोबा, अहो पत्ते म्हणजे ते नव्हेत! खेळायचे! चित्रांचे! ताई भविष्य बघतात."

"भविष्य नाही बघत मी," रफूताई नेहमीप्रमाणे म्हणाली. पण तिचं लक्ष म्हाताऱ्याकडे होतं. हसणाऱ्याबरोबर थोडं हसून मोकळं व्हावं, तसं त्याने काही केलं नाही. तो मागे सरकून दुकानाच्या बाहेर गेला, मान वर करून पाटी पुन्हा वाचली, आणि आत येऊन म्हणाला, "बाहेर लिहिलंय तुम्ही."

लिहिलं होतं खरं. दोष रंगाऱ्याचा. त्याच्या हाताला लाँड्रीच्या पाट्यांचं वळण होतं. 'कपडे इस्त्री करून मिळतील' असं त्याने लिहिलं, खाली 'रफू करून मिळेल' लिहिलं, आणि रफूताईने जेव्हा चाचरत सांगितलं की कोपऱ्यात पत्त्यांचंही एखादं वाक्य टाक, तेव्हा त्याच झोकात त्याने लिहून टाकलं: 'पत्ते पाहून मिळतील'. लाँड्रीवाल्याला ते वाक्य फार आवडलं होतं. मिळतील म्हटलं की गिऱ्हाईक आत येतं, हा त्याचा अनुभव.

दुकान बसथांब्यासमोर. काचेला लागून रफूताईची खुर्ची, कारण रफूला उजेड लागतो. पन्नाशी ओलांडलेली बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात दोरा तोडायची सवय, आणि त्यामुळे अर्धी वाक्यं दातांतूनच बोलायची. पत्त्यांचा जोड तिच्याकडे आला तो एका ओव्हरकोटाच्या आतल्या खिशातून. कोट टाकून गेलेला माणूस परत फिरकला नाही. पत्त्यांबरोबर अर्थ सांगणारं एक चोपडं होतं, त्याचा धुलाईत लगदा झाला. पत्ते गुळगुळीत, तेवढे वाचले. दुसरी कोणी असती तर अर्थ ठाऊक नाही म्हणून ठेवून दिले असते. रफूताईचं उलट झालं. अर्थ ठाऊक नसल्यामुळे तिला गिऱ्हाइकालाच विचारावं लागायचं. तीन पत्ते पालथे मांडायचे, एकेक उलटायचा आणि म्हणायचं, "यात तुम्ही कुठे आहात?" एवढीच तिची विद्या. आणि गंमत अशी, की तेवढी पुरायची. सासूवर चिडलेल्या बायका, बदलीची वाट पाहणारे कारकून, प्रेमात पडून गणितात नापास झालेली मुलं, सगळी त्या चित्रांत आपापली जागा शोधायची, भडाभडा बोलायची, आणि जाताना म्हणायची, "ताई, तुम्हाला कसं हो कळलं?" ताईला काहीच कळलेलं नसायचं. ती तोपर्यंत एखाद्या पँटचा गुडघा पुरा करायची.

असल्या गिऱ्हाइकांत हा म्हातारा बसत नव्हता. अंगात तपकिरी स्वेटर, दोन्ही खिसे ओघळलेले. नखांच्या कडांना काळी रेघ. ग्रीसची ती रेघ निवृत्त होऊनही जात नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपावर मेकॅनिक होता, हे त्याने पुढे सांगितलं. पण सांगायची गरज नव्हती. बोलताना एक कान कुठल्या तरी यंत्राकडे लावल्यासारखा तो मान तिरकी धरायचा.

"चूक आमची आहे, काका," रफूताई म्हणाली. "पण आलाच आहात तर टेका जरा. कोणाचा पत्ता हवा होता?"

"मुलीचा."

इस्त्रीचा आवाज थांबला.

"मुलीचा पत्ता तुमच्याकडे नाही?" लाँड्रीवाल्याने विचारलं. त्याला दोन मुली होत्या आणि दोन्ही जावई त्याच्या नाकात दम आणून होते.

"हिच्याकडे होता. म्हणजे माझ्या बायकोकडे. ती गेली." म्हाताऱ्याने हे असं सांगितलं, जसं आधीच्या पाळीच्या माणसाने पुढच्याला सांगावं. "पाणी भरत होती. मी आत पेपर वाचत होतो. नळ चालूच राहिला, तो आवाज मला कळला. भरल्यावर बादलीचा आवाज बदलतो. तरी कोणी बंद करेना. म्हणून उठलो."

मग रफूताईने हातातलं काम बाजूला ठेवलं, पिशवीतून पत्ते काढले आणि काउंटरवर तीन मांडले.

"पत्ता नाही मिळायचा यातून," ती म्हणाली. "आधीच सांगते. नंतर बोल नको."

"मग कशाला?"

"तुम्ही थोडं बसाल म्हणून."

म्हातारा स्टुलावर बसला. लाँड्रीवाल्याने त्याच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला, मघाच्या हसण्याची भरपाई म्हणून.

पहिला पत्ता उलटला. दगडी सिंहासनावर पांढऱ्या दाढीचा राजा, हातात दंड, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा.

"हे झालेलं. यात तुम्ही कुठे?"

"मी कुठला यात? मी पंपघरात स्टुलावर बसायचो. असल्याच."

"स्टुलावर बसूनही राज्य करता येतं," लाँड्रीवाला मागून म्हणाला. "आमचे वडील खाटेवरून करायचे."

म्हातारा राजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, या दारात पाऊल टाकायचं नाही. तिने ज्याच्याशी लग्न ठरवलं त्याला आधीचं एक मूल होतं. बायको गेलेली. माणूस वाईट नव्हता म्हणे. मी पाहिलाच नाही. मी म्हटलं, दुसऱ्याचं मूल पुसायला मी मुलगी वाढवली नाही. हे वाक्य मी असं…" त्याने दंड आपटल्यासारखी मूठ काउंटरवर टेकवली. "असं बोललो. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं! भांडली असती तरी चाललं असतं. आणि मग नाहीच टाकलं पाऊल. शब्दाची पक्की. त्या बाबतीत माझ्यावर गेलीय."

"आणि आई?"

"आई जात असणार. तेव्हा मला वाटायचं, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते. दर महिन्याला समोरच्या थांब्यावरून बस धरायची. संध्याकाळच्या आत परत. मी विचारायचो, काय म्हणाला डॉक्टर? तर म्हणायची, आहे तसंच आहे. आता कळतंय, कुठला डॉक्टर नि कुठला गुडघा." त्याला जरासं हसू आलं. "गेल्यावर मी सगळं घर शोधलं. डॉक्टरचा एक कागद नाही, एक गोळी नाही. फोन घरात एकच, तो माझ्या खिशात. माझ्यासमोर मुलीचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. आता मीच विचारत फिरतोय, तर नातेवाईक म्हणतात, आम्हाला काय ठाऊक, तुम्हीच तर बंद केलंत."

"पण ती येईलच की," लाँड्रीवाला म्हणाला. "आई येत नाही म्हटल्यावर मुलगी चौकशी करणार नाही का?"

"तेच सांगतोय ना तुम्हाला!" म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ती काय समजेल? आई यायची बंद झाली. म्हणजे म्हाताऱ्याला कळलं. म्हणजे म्हाताऱ्याने आईलाही अडवलं. हेच समजेल ती. दुसरं काय समजेल? तिकडे बसून मला शिव्या घालत असेल, आणि घालू दे, त्याचं काही नाही. पण आई जिवंत आहे असं समजून…"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला.

रफूताईने दुसरा पत्ता उलटला. काळ्या घोंगडीत गुरफटलेला एक माणूस, मान खाली. समोर तीन पेले कलंडलेले, आतलं जमिनीवर सांडलेलं.

"हे चाललेलं. यात तुम्ही…"

"हा काय. विचारता कशाला?"

"बरं. मग मागे बघा त्याच्या. दोन पेले उभे आहेत."

"आहेत. पण त्याला कुठे दिसताहेत? पाठ आहे त्याची."

रफूताई बोलायला गेली आणि थांबली. एवढा वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता तिची नजर काउंटरवर टेकलेल्या त्याच्या कोपरावर गेली आणि तिथेच राहिली. बायका उंची कापड बघून अशा थबकतात, आणि ही तर कापडातलीच.

"काका, वळा बघू जरा. उजेडाकडे. हात वाकवा."

"का?"

"वाकवा तर."

त्याने वाकवला. स्वेटरच्या उजव्या कोपरावर हाताच्या तळव्याएवढा रफू होता. डाव्यावरही. उजवा मध्यभागी पुन्हा विरून छोटं भोक पडलं होतं. रफूताईने चष्मा वर सरकवला, स्वेटरची खालची पट्टी उलटून पाहिली, परत कोपर पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"काय केलं?"

"रफू आहे इथे. दोन्हीकडे. वेगवेगळ्या वेळी केलेला."

म्हाताऱ्याने मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. पण स्वतःचं कोपर काही कुणाला दिसत नाही. तो स्टुलावर बसल्या बसल्या गोल फिरला, शेपटीमागे लागलेल्या मांजरासारखा. शेवटी लाँड्रीवाल्याने भिंतीवरचा आरसा काढून मागे धरला.

"हिने केलं असेल," आरशात बघत तो म्हणाला. आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही. हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. डोळे गेलेले. बटण लावायचं तर दोरा मी ओवून द्यायचो."

"मग दुकानात टाकला असेल," लाँड्रीवाला म्हणाला.

"दुकानातला रफू असा नसतो. आम्ही दिसू नये म्हणून करतो. हा टिकावा म्हणून केलाय." रफूताई बोटाच्या टोकाने कोपरावरून चालली. "लोकर बाहेरून आणलेली नाही. याच स्वेटरच्या खालच्या पट्टीच्या आतल्या दुमडीतून काढलीय. म्हणून रंग बघा, बाकीचा विटला, हा तेवढा तसाच. नवा असताना स्वेटर या रंगाचा होता. आणि शेवट बघा. गाठ नाही कुठे. धागा दोनदा फिरवून आत खोचलाय. असं मी कुणाला करताना पाहिलं नाही."

म्हाताऱ्याने हात हळूच खाली घेतला.

"पुन्हा बोला. शेवट कसा केलाय?"

"दोनदा फिरवून आत खोचलाय."

"पंपाच्या दांड्याभोवती दोरी भरतात," तो म्हणाला. तो आता त्यांच्यापैकी कुणाशी बोलत नव्हता. "पाणी गळू नये म्हणून. सगळे गाठ मारायचे. गाठ मारली की तिथेच झिजते. मी दोनदा फिरवून आत खोचायचो. शाळा सुटली की ती पंपघरात यायची, माझ्या शेजारी बसून जुन्या दोरीवर तेच करायची. मी म्हणायचो, ए, तुझं काम नाही ते. पण करायची. छान करायची."

बाहेर थांब्यावर बस आली, भरली, गेली. कुणीतरी चादरी न्यायला दारात आलं आणि तिथेच उभं राहिलं.

"दर थंडीला स्वेटर एखादा दिवस दिसायचा नाही," म्हातारा म्हणाला. "मी ओरडायचो. ही म्हणायची, धुवायला टाकलाय. मी म्हणायचो, धुवायला महिनाभर आधी टाकायचा ना." आणि मग अगदी लहान आवाजात, "म्हणजे मी तिच्या हातचं घालून ओरडत होतो."

रफूताईचा हात तिसऱ्या पत्त्याकडे गेला. म्हाताऱ्याने आपला हात त्यावर ठेवला. जड हात होता.

"हा राहू दे, बाई. पालथाच असू दे."

"बरं. पण स्वेटर काढा. उजवीकडे परत विरलंय, मी करून देते. पाटीवरचं हे तरी खोटं नाही."

"नको," तो उठत म्हणाला. "ते तिचं काम आहे."

त्यानंतर तो समोरच्या थांब्यावर दिसू लागला. बायको ज्या बसने जायची तिचा मार्ग लांब होता आणि वाटेत ती कुठे उतरायची हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने पंपवाल्याची रीत धरली: पाणी कुठे मुरतंय ते कळत नसेल तर वॉल्व्ह एकामागून एक बंद करत जायचे. एका दिवशी एका थांब्यावर उतरायचं, आजूबाजूच्या गल्ल्या फिरायच्या, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहायचं, कारण त्या घरात एक मूल होतं. ते मूल एव्हाना शाळेतून कधीच बाहेर पडलं असणार, हे लाँड्रीवाल्याने त्याला सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. रफूताईने डोळे वटारले.

परत आल्यावर तो कधी दुकानात टेकायचा. "आज कुठला?" लाँड्रीवाला विचारायचा. "पिठाच्या गिरणीचा," म्हातारा म्हणायचा. किंवा, "पुलापलीकडचा. तिथे पाणी कमी दाबाने येतं. लोक म्हणतात, नेहमीचंच आहे." गल्ली कशी होती, माणसं कशी होती, हे तो सांगायचा नाही. नळ सांगायचा.

थंडी गेली. ऊन चढलं. पंखा लावूनही लाँड्रीत बसवेना, तेव्हासुद्धा म्हाताऱ्याच्या अंगात तो तपकिरी स्वेटर. लोक थांब्यावर त्याच्यापासून सरकून उभे राहायचे. शहाणी माणसं उकाड्यात स्वेटर घालत नाहीत, एवढं लोकांना कळतं. त्यापुढचं कळायच्या आत बस सुटते.

"आजोबा, भिजलात घामाने. काढा की आता तो," लाँड्रीवाला म्हणाला. "हातावर घ्या."

"हातावर घेतला तर कोपर दिसेल का?"

लाँड्रीवाल्याने इस्त्रीत तोंड घातलं. त्या दिवशी त्याने पाचसहा शर्ट अगदी उगाच पुन्हा इस्त्री केले.

मग मध्ये म्हातारा दिसेनासा झाला. रफूताई काही बोलली नाही, पण दोरा तोडताना प्रत्येक बसकडे बघायची. एके दिवशी दुपारी तो आला, बसने नव्हे, रस्ता ओलांडून चालत. अंगात नुसता शर्ट. स्वेटर वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला. शर्टात तो निम्मा दिसत होता.

"चढताना पडलो बसमध्ये," त्याने सांगितलं. "काही मोडलं नाही. पण डॉक्टर म्हणतो, आता बस बंद." आणि जरा थांबून, "गुडघा. खरा गुडघा, या वेळी."

तिघांनाही हसू आलं, आणि ते कुणाच्याच चेहऱ्यावर फार वेळ थांबलं नाही.

त्याने स्वेटर काउंटरवर उलगडला. धुतलेला होता. घरी, हाताने, जरासा ताणला गेला होता.

"हा काचेत टांगाल? थांब्यावर सगळी माणसं उभी असतात. कुठून कुठून येतात. कोपर रस्त्याकडे करून."

"टांगते," रफूताई म्हणाली.

"भोक तसंच ठेवा."

"ठेवते. आणि आली, तर काय सांगू?"

याचा विचार त्याने बराच केलेला असावा. "आईचं तुम्ही नका सांगू. ते मी सांगेन. तेवढं माझ्याकडे राहू दे. तुम्ही एवढंच सांगा, की मी अडवलं नव्हतं."

"आणि पत्ता? तुमचा?"

"तो तिला ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "दार उघडंच असतं म्हणावं."

तो गेल्यावर रफूताईने स्वेटर काचेत टांगला. उजवी बाही वाकवून खांद्याला टाचणीने अडकवली, म्हणजे कोपर सरळ रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल. मग म्हाताऱ्याने पालथाच ठेवायला सांगितलेला तो तिसरा पत्ता काढला. बाकीच्यांपासून तिने तो त्या दिवशीच वेगळा काढून, सुयांच्या डबीखाली ठेवला होता. न उलटता तो तिने स्वेटरच्या ओघळलेल्या खिशात सरकवला. लाँड्रीवाला बघत होता. एरवी त्याने विचारलं असतं, निदान एक टोमणा मारला असता.

तेव्हापासून तिचा जोड एका पत्त्याने कमी आहे. गिऱ्हाइकांना फरक पडत नाही. ती येतात, चित्रांत स्वतःला शोधतात, थक्क होऊन जातात. अधूनमधून कुणीतरी काचेकडे बोट दाखवून विचारतं, "हा विकायचा आहे का?" आणि दुसरं कुणी सुचवतं, "ताई, रफूच्या दुकानात भोक पडलेला स्वेटर टांगलात, बरं दिसत नाही." रफूताई दातांत दोरा धरून मान हलवते. हो की नाही, ते कळत नाही.

उन्हाने काचेकडची बाजू विटत चालली आहे. बाही, खांदा, गळा, सगळं फिकट होत होत मातकट झालं. कोपरावरचा रफूही आता विटायला लागलाय.

कधीतरी, थांब्यावर गर्दी असेल अशा वेळी, रस्त्यापलीकडे म्हातारा येऊन उभा राहतो. काठी नवी आहे. दुकानात येत नाही, विचारत नाही. मान तिरकी करून काचेत बघतो, स्वेटर आहे ना तेवढं. आतून रफूताई डोकं वर करते आणि नकारार्थी मान हलवते, अगदी थोडी, दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतकी. तोही तशीच हलवतो. मग शर्टाच्या बाह्या खाली ओढून घेतो, बटणं लावतो, आणि बस यायच्या आत चालायला लागतो.